फोटो पुसायला आलेल्या पोरीला मी काय सांगते

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याशी माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पीकविमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सातबारा, पासपोर्ट फोटो, हे रोजचं काम. पण दोन-चार महिन्यांतून एकदा एखादं पोर गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहतं. दुकानात कोणी उरलं नाही असं पाहून फोन काउंटरवर उलटा ठेवतं आणि म्हणतं, "ताई, हे सगळं डिलीट करून देता काय?"

नाही देत. आधी हेच सांगते आणि मग पाणी पाजते.

पुसण्याचं मला चांगलं माहीत आहे. २०१७ मध्ये मी बारावीत होते. आदल्या सप्टेंबरात जिओ आलं होतं आणि पारावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नेट होतं. चुलतबहिणीच्या हळदीतला माझा फोटो उचलून कोणीतरी माझ्या नावाचं फेसबुक अकाउंट काढलं, त्यात माझा नंबर टाकला आणि खाली नको ते लिहिलं. रात्रभर फोन यायचे. मी काय केलं? सगळे मेसेज पुसले, सिम तोडून चुलीत टाकलं. वीस दिवसांनी मामा मला पोलीस ठाण्यात घेऊन गेला. तिथे साहेब म्हणाले, "दाखवा." दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. अकाउंटही तोवर नाव बदलून गायब झालेलं. बाबांनी पुढचे दीड महिने एसटीचा पास काढला नाही. शिक्षा मला झाली, त्याला नाही.

म्हणून आधी पुरावा. कितीही किळस आली तरी पुसू नको, उत्तर देऊ नको आणि लगेच ब्लॉकही करू नको. स्क्रीनशॉट घे, पण नुसत्या शिवीचा नको. त्यात तारीख, वेळ आणि कोणाच्या अकाउंटवरून आलं ते दिसलं पाहिजे. इन्स्टाग्रामवर मोठ्या अक्षरातलं नाव कोणीही बदलू शकतो, म्हणून प्रोफाइल उघडून वरचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक, दोन्ही जपून ठेव. व्हॉट्सॲप असेल तर समोरच्याचा नंबर दिसेल असा फोटो हवा. ग्रुप असेल तर ग्रुपची माहिती उघडून ॲडमिन कोण आणि सदस्य कोण तेही घे. चिडून ग्रुप सोडायचाच असेल तर त्यानंतर सोड. एकदाच उघडणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट निघत नाही, त्याला मैत्रिणीच्या फोनने स्क्रीनचा फोटो काढावा लागतो. एका वहीच्या पानावर तारखेवार लिही: कधी आलं, कुठे आलं, आणखी कोणी पाहिलं. हे पान पुढे फार कामी येतं, कारण ठाण्यात बसल्यावर भल्याभल्यांना तारखा आठवत नाहीत.

यात एक अपवाद आहे आणि तो नीट समजून घे. अठराच्या आतल्या कोणाचाही उघडा, म्हणजे अंगावर कपडे नसलेला, फोटो असेल, मग तो खरा असो की ॲपवर चेहरा जोडून बनवलेला, तर तो फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला पाठवायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली तसा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. धमकीचा मेसेज, अकाउंट, लिंक एवढंच जप आणि फोन थेट पोलिसांना दाखव. एक काका भाचीसाठी अशा चॅटची रंगीत प्रिंट मागायला माझ्याकडे आले होते. मी मशीन बंद केली. त्यांना राग आला, येऊ दे.

पुरावा झाला की ॲपमध्ये रिपोर्ट कर. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केलं की त्या नंबरवरून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. त्याच खिडकीत ब्लॉक करून चॅट पुसण्याची खूण असेल तर ती काढून टाक, नाहीतर पुरावा आपल्याच हाताने जायचा. खोटं अकाउंट किंवा उघडा फोटो असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिही. अशा कंपन्यांसाठी २०२१ चे आयटी नियम आले तेव्हा अशा तक्रारीवर मजकूर उतरवायला २४ तासांची मुदत ठेवली होती. फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' नावाची फुकट सेवा आहे, अठराच्या आत काढलेल्या फोटोंसाठी. अठरा पूर्ण झाल्यानंतरच्या फोटोंसाठी 'स्टॉप एनसीआयआय'. फोटो तुझ्या फोनमधून कुठेच जात नाही, त्याचा नुसता अंगठ्यासारखा ठसा तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो ओळखतात. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये फिरणाऱ्या फोटोला मात्र याचा उपयोग होत नाही.

कोणी पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नको. दिला की त्याला कळतं, इथे पाणी लागलं. देऊन बसला असशील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव.

आता घर. इथे मला जरा वेळ बोलू दे, कारण सगळं इथेच अडतं.

माझ्याकडे आलेलं एकही पोर त्या अकाउंटला जितकं घाबरतं त्याहून घरच्यांना जास्त घाबरतं. मागच्या हिवाळ्यात अकरावीतली एक पोरगी आली होती. "ताई, बाबाले समजलं तर मले मारतीन. कॉलेज बंद करतीन." तिला येणारा मेसेज काय होता? 'तुझ्या बापाले दाखवतो.' महिनाभर तो तेवढंच लिहीत होता. मी तिला म्हटलं, "अवं, त्याच्याजवळ दुसरं हाय तरी काय? बापानं तुझ्याच तोंडून ऐकलं का त्याचा खेळ सरला." तिला पटलं, पण पाय उचलेना.

तर पाय उचलायचा कसा ते सांगते. एकटीने जायचं नाही. घरात बाबा ज्याचं ऐकतात असं एक माणूस शोध. आमच्याकडे बहुतेक वेळा ते आईचं माहेर असतं, म्हणजे मामा नाहीतर मावशी. नाहीतर आजी, वर्गशिक्षिका, आशाताई. त्या माणसाला आधी सांग आणि सोबत घे. वेळ पाहून जा. कापूस मोजून पट्टी कमी आली त्या संध्याकाळी नको, कोणी पिऊन आलं असेल तेव्हा तर नकोच. सकाळचा चहा झाल्यावर, बाबा वावरात निघायच्या आधी, ही वेळ मला बरी वाटते. आणि बाबांच्या हातात फोन देऊ नको. फोन हातात पडला की ते मूळ गोष्ट सोडून बाकीचंच वाचत बसतात, हा कोण, तो कोण, रात्री अकराला काय बोलत होती. तारखांचं ते वहीचं पान दे.

बोलायला पहिलं वाक्य सुचत नाही, म्हणून मी पोरांकडून ते पाठ करून घेते: "बाबा, कोणीतरी माझ्या फोटोवर खोटं अकाउंट चालवून राहिलं. माझं काही चुकलं असन तर मंग बोला, आता पहिले मले मदत करा." आणि दुसरं वाक्य सोबतच्या माणसाने म्हणायचं: "दाजी, पोरीचं कॉलेज बंद करू नका." हे पोरीने म्हटलं तर हट्ट वाटतो, मामाने म्हटलं तर शब्दाला वजन येतं. अन्याय आहे, मान्य. पण पोरीचं कॉलेज वाचतं.

लपवून तक्रार करण्याचा विचार बहुतेक पोरं करतात. अडचण साधी आहे. घरात नेटचा फोन एक, तो बाबांच्या नावाचा, आणि तक्रारीचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. केंद्र सरकारचं सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे पोर्टल २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, माझ्या वेळी नव्हतं. त्यात महिला आणि बालकांसाठी वेगळा भाग आहे. अश्लील मजकुराची तक्रार नाव न सांगताही करता येते, पण मग पुढे काय झालं ते पाहता येत नाही. म्हणून घरचं एक माणूस सोबत हवंच.

ठाण्यात जायची वेळ आली तर ही आमची हद्द नाही हे ऐकून परत फिरू नको. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचा प्रश्न न काढता गुन्ह्याची माहिती लिहून घ्यायची तरतूद आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. पुराव्यासाठी फोन ठेवून घेतला तर पंचनाम्याची प्रत मागून घे. फोन घरात एकच असतो, तो गेल्याची बोलणी पुन्हा पोरीलाच बसतात.

गावाला धास्ती असते ती गाडीची. पोलिसांची गाडी दारात उभी राहिली की अर्ध्या तासात गावभर. पण प्रकरण पोक्सोचं असेल, म्हणजे अठराच्या आतल्या मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक छळ, तर कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. मामाच्या गावी बोलावलं तरी चालतं. पेपरात नाव, फोटो, शाळा, काहीही छापता येत नाही. हे पोरीला नाही, तिच्या बापाला आधी सांगा. त्याचा अर्धा घाम तिथेच जिरतो.

सगळंच पोलिसांकडे न्यायचं नसतं, हेही सांगते. नववीतला एक पोट्टा आला होता. पंधरा ऑगस्टच्या भाषणात तो अडखळला, कोणीतरी व्हिडिओ काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर त्याच्या तोंडाचे स्टिकर फिरायला लागले. त्याने शाळा सोडून वावरात जायला सुरुवात केली होती. त्याला मी वर्गशिक्षकांकडे पाठवलं, पान घेऊनच. सरांनी आठ पोट्ट्यांच्या आयांना शाळेत बोलावलं. आयांपुढे फोन निघाले आणि स्टिकर तिथल्या तिथे गेले. शाळांमध्ये २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायची आहे, तक्रारपेटीही असते. तुमच्या शाळेत ती समिती नुसती भिंतीवरच्या फलकावर असेल, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतली की अर्ज हरवत नाही.

आणि भाऊ काठी घेऊन निघाला तर त्याला दाराशीच अडव. मी पाहिलं आहे, मारामारीचा गुन्हा भावावर लागला आणि अकाउंटचं राहून गेलं.

रात्र वेगळी असते. दिवसा हे सगळं जमतं, रात्री दोनला जमत नाही. त्या वेळेसाठी दोन नंबर वहीत लिहून ठेव: अठराच्या आतल्यांसाठी चाइल्डलाइनचा १०९८, आणि कोणत्याही वयासाठी टेलीमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. दोन्ही फुकट, दोन्ही चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आपण नसलेलं बरं असं वाटायला लागलं तर नंबर नंतर, आधी शेजारी झोपलेल्या माणसाला उठव. घरच्या मोठ्यांनो, तुमचं पोर जेवत नसेल, फोन वाजला की दचकत असेल, तर फवारणीचं औषध कुलपात घाला आणि काही दिवस त्याला एकटं झोपू देऊ नका.

अकरावीतल्या त्या पोरीने दहाव्या दिवशी मामाला बोलावलं. बाबा ओरडले, ताट सरकवलं, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या दुकानात तेच आले, सोबत ती. तक्रार मी भरली, ओटीपी त्यांनी वाचून दाखवला, एकेक आकडा मोठ्याने. खोटं अकाउंट आठवड्याच्या आत गेलं. चालवणारा कोण ते अजून कळलेलं नाही. परवा ते पुन्हा आले, खताची गोणी सायकलवर तशीच, फोनवरचा इंग्रजी मेसेज माझ्यापुढे धरून म्हणाले, "वाच बरं, तक्रारीचं काय म्हणून राहिले?"