घर सुटलेल्या क्विअर तरुणांची गोष्ट सभेत मांडताना

क्विअर म्हणजे लैंगिकतेच्या किंवा लिंगओळखीच्या रूढ चौकटीत न बसणारे; ट्रान्स म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेले. वॉर्ड ऑफिसच्या बैठकीत किंवा जनसुनावणीत बोलायला जेमतेम तीन मिनिटं मिळतात. मजकूर साडेतीनशे शब्दांच्या आत ठेवा. लांबला की शेवटची मागणी घाईत राहून जाते, आणि उभं राहायचं ते तिच्यासाठीच. म्हणून आधी मागणी लिहा, एका वाक्यात: ‘या वॉर्डातल्या बेघर निवाऱ्यात ट्रान्स आणि क्विअर तरुणांसाठी सुरक्षित खोली द्या.’ मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलंय. त्याचा उल्लेख जरूर करा.

मग त्या मागणीला भिडणारा एकच प्रसंग निवडा. घरातली सगळी मारहाण सांगितली की ऐकणारे हळहळतात, आईबापांना दोष देतात आणि उठतात. त्यापेक्षा निवाऱ्याचं दार दाखवा: रात्रीचे साडेदहा, रजिस्टरात ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ असे दोनच रकाने, आधारवरचा फोटो वेगळा, समोरचा चेहरा वेगळा, आणि पेन धरून थांबलेला रखवालदार. घरच्यांचं मन अधिकारी बदलू शकत नाही, पण रकाना बदलू शकतो.

नुसतं नाव बदलून त्या तरुणाची ओळख लपत नाही. चाळ, स्टेशन, क्लास, पोटजात यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी नातेवाईक माग काढतात. डोंबिवलीचं ‘मध्य रेल्वेवरचं एक उपनगर’ करा. घरचे आवाजही ओळखतात, त्यामुळे रेकॉर्डिंग होणार असेल तर मजकूर दुसऱ्याने वाचावा. अठराच्या आतल्या मुलांना मंचावर आणूच नका. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 74 मनाई करतं.

ज्याची गोष्ट आहे त्याची संमती तीनदा विचारा: लिहिण्याआधी, मसुदा वाचून दाखवल्यावर आणि त्या दिवशी सकाळी. जी संस्था डोक्यावर छप्पर देते तिनेच विचारलं, तर ‘नाही’ म्हणायची हिंमत होत नाही. त्यामुळे हे काम बाहेरच्या विश्वासातल्या माणसाकडे द्या. मानधन आणि प्रवासखर्च आदल्या दिवशीच हातात द्या, आणि ऐनवेळी नकार आला तरी परत मागू नका.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या. ‘ऑपरेशन झालं का?’ ही चिठ्ठी सूत्रसंचालकाने बाजूला ठेवायची, बोलणाऱ्यापर्यंत ती पोचताच कामा नये. निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा.