फोटो संपादनासाठी स्क्रीन: रिझोल्यूशन तसंच ठेवा, अक्षरं मोठी करा

फोटोशॉपचे मेनू बारीक दिसतात म्हणून मॉनिटरचं रिझोल्यूशन (स्क्रीनवरच्या पिक्सेलांची, म्हणजे ठिपक्यांची संख्या) कमी करू नका. १९२०×१०८० च्या स्क्रीनवर १६८०×१०५० लावलं, तर एक पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांत मिसळून दाखवावा लागतो आणि सगळंच किंचित धूसर होतं. फोटो मऊ वाटतो, आपण शार्पनिंग (कडा ठळक करणं) वाढवतो आणि दुसऱ्या स्क्रीनवर कडा बोचऱ्या दिसतात. नुकसान फोटोचं होतं, ते इथेच.

विंडोज ११ मध्ये डेस्कटॉपवर राइट-क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. रिझोल्यूशनच्या यादीत ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं निवडा. अक्षरांसाठी त्याच पानावरचं ‘स्केल’ वापरा: आधी १२५ टक्के, २७ इंची ४के मॉनिटरवर बहुधा १५०.

तरीही फोटोशॉपची पॅनेल, म्हणजे साधनांच्या चौकटी, बारीक वाटली, तर त्यात एडिट > प्रेफरन्सेस > इंटरफेस इथे जा. ‘यूआय फॉन्ट साइझ’ मीडियम किंवा लार्ज करा आणि ‘स्केल यूआय टू फॉन्ट’वर टिक करा, नाहीतर अक्षरं वाढतात, पण बटणं तेवढीच राहतात. बदल फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडल्यावरच दिसतो.

जुनं सॉफ्टवेअर स्केलिंग ओळखत नसेल, तर विंडोज त्याची पूर्ण खिडकीच ताणतं, फोटोसकट. अशा वेळी त्याच्या प्रोग्रॅम फाइलच्या प्रॉपर्टीज > कम्पॅटिबिलिटी > ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’मध्ये ओव्हरराइडवर टिक करून ‘अ‍ॅप्लिकेशन’ निवडा. मेनू पुन्हा बारीक होतील, पण फोटो खरा दिसेल.

शार्पनेस तपासताना फोटोशॉपमध्ये कंट्रोल+१ दाबून १०० टक्क्यांवरच बघा.