ऑरगॅनिक सोडून इलेक्ट्रोसिंथेसिसला येताय? मग आधी कुलॉम मोजा

एमएस्सी ऑरगॅनिक करून या फील्डमध्ये, म्हणजे विजेने रसायनं बनवण्यात, आलेला माणूस, मी पण त्यातलाच, पहिल्या दिवसापासून यील्ड यील्ड करत असतो. इथे लॅब मीटिंगमध्ये आधी विचारतात, करंट गेला कुठे?

एपॉक्साइडचंच घ्या, म्हणजे दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनची रिंग. स्टायरीन, असिटोनायट्राइल, पाणी आणि सोडियम ब्रोमाइड एका बीकरमध्ये घेऊन करंट सोडला की अ‍ॅनोडवर ब्रोमाइडचं ब्रोमीन होतं, ते पाण्यासोबत स्टायरीनला लागून ब्रोमोहायड्रिन बनतं, तिकडे कॅथोडवर हायड्रोजन सुटतो आणि हायड्रॉक्साइड तयार होतं, ते ब्रोमोहायड्रिनची रिंग बंद करतं की झालं एपॉक्साइड, आणि ब्रोमाइड परत कामाला मोकळं. एपॉक्साइडसाठी नेहमी वापरतात ते एमसीपीबीए (पेरॉक्सीअ‍ॅसिड) नको की त्याचा कचरा नको.

आता हिशोब. एपॉक्साइडच्या एका रेणूला २ इलेक्ट्रॉन. १०० मिलिअँपिअर तासभर म्हणजे ३६० कुलॉम (कुलॉम म्हणजे चार्जचं माप), भागिले ९६,४८५ (एक मोल इलेक्ट्रॉनचा चार्ज) च्या दुप्पट, म्हणजे जास्तीत जास्त १.८७ मिलिमोल. एनएमआरमध्ये १.३ मिलिमोल दिसलं तर फॅराडे एफिशियन्सी, म्हणजे हव्या त्या प्रॉडक्टमध्ये गेलेला करंटचा वाटा, साधारण ७० टक्के. उरलेला करंट पाण्यातून ऑक्सिजन काढण्यात गेला, डायब्रोमाइडमध्ये गेला, की ब्रोमीन कॅथोडवर जाऊन परत ब्रोमाइड झालं, हे शोधणं हेच खरं काम. स्टायरीन संपलं म्हणून खूश होऊ नका, ते कशात संपलं ते बघा.

२०२० मध्ये टोरोंटोच्या सार्जंट ग्रुपने क्लोराइड वापरून इथिलीन ऑक्साइड केलं, १ अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरला ७० टक्क्यांच्या आसपास एफिशियन्सी. त्यांनी मधे मेम्ब्रेन टाकून दोन्ही बाजूंची सोल्युशन्स नंतर एकत्र केली, का ते वरचं वाचून कळेलच. सायन्समधला पेपर आहे, तो आधी वाचा.

पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज नेमकं धरून ठेवणारं यंत्र) मिळाला नाही तरी अडत नाही, सुरुवातीला साधा कॉन्स्टंट करंट डीसी सप्लाय आणि ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड पुरतात. करंट वाहावा म्हणून टाकतात ती टेट्राब्युटिलअमोनियमवाली सॉल्ट्स नंतर कॉलममध्ये फार छळतात, टाळता आली तर टाळा. परक्लोरेट ऑरगॅनिकसोबत घेऊन सॉल्व्हंट उडवत बसू नका, स्फोट होतो. हायड्रोजन सुटतो तेव्हा सेल फ्यूम हूडमध्येच, आणि वायरी काढायच्या आधी सप्लाय बंद.

घरचे, मित्र, कधी कधी गाइडसुद्धा विचारतात की इंडस्ट्रीत हे चालतं का. त्यांना नायलॉनसाठी लागणारं अ‍ॅडिपोनायट्राइल सांगा, मोन्सँटोने १९६५ पासून अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या इलेक्ट्रोलिसिसने केलंय. पीएचडीसाठी कराईकुडीचं सेक्री (सेंट्रल इलेक्ट्रोकेमिकल रिसर्च इन्स्टिट्यूट) बघाच, तामिळनाडूत आहे, भात आवडत असेल तर उत्तम. फार्मात अजून जागा कमी आहेत, पण सेल स्वतः जोडून चालवता येणारा ऑरगॅनिकवाला तसा दुर्मिळच, त्यामुळे इंटरव्ह्यूत हीच गोष्ट पुढे करा.