ग्रामसभेत वाचला जाईल असा विहिरींचा नकाशा

भूगोलाच्या प्रकल्पवह्या बहुतेक एकाच वाचकासाठी लिहिलेल्या असतात: गुण देणाऱ्यासाठी. बाण आहे, सूची आहे, प्रमाण आहे, झालं. मग वही विभागाच्या कपाटात जाते आणि पुढचा सखोल अभ्यास वाळवी करते. रत्नागिरीच्या दक्षिणेकडच्या एका गावात पदवीच्या मुलांकडून विहिरींचा नकाशा करून घ्यायचं ठरलं, तेव्हा मी त्यांना एकच अट घातली. हा नकाशा ग्रामसभेच्या भिंतीवर लागेल आणि लोक त्यावरून भांडतील, असा हवा. लोक भांडले. त्या अनुभवावरून ही कृती लिहितो आहे.

आधी प्रश्न, तोही एकच

‘गावातील पाणी समस्या’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. आमचा प्रश्न होता: कोणत्या वाडीची बाव कोणत्या महिन्यात तळ दाखवते? (आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात, सूचीतही मुलांनी तोच शब्द ठेवला.) कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये टँकर येतो. नद्या आखूड आणि उताराच्या, त्यामुळे बरंचसं पाणी थेट खाडीत जातं. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरचा, जांभा दगड सच्छिद्र असल्याने मुरलेलं पाणीही तिथे टिकत नाही. ते खालच्या चिकण थरावरून सरकत उताराच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर पडतं. म्हणून एकाच गावात पायथ्याची बाव बारमाही आणि सड्याकडची मार्चमध्येच कोरडी, असं चित्र दिसतं. नकाशाने दाखवायचं ते हे.

ऐकणारे कोण आणि तारीख कोणती

माप घ्यायचं ते जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत. मे तर हवाच, कारण चाकरमानी घरी आलेले असतात आणि विहिरींवरचा भार दुप्पट झालेला असतो. पण दाखवायचं कधी? पहिल्या वर्षी आम्ही १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नकाशा नेला. बाहेर धो धो पाऊस, आत आम्ही टंचाई सांगतोय! कुणाचं लक्ष लागेना. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबर गाठला. पाऊस ओसरलेला, वहाळ अजून वाहते आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारे घालण्याचे दिवस जवळ आलेले. आता तोच नकाशा बघून लोक विचारू लागले, बंधारा नेमका कुठे घालायचा? तारखेने इतका फरक पडतो, हे आम्हालाही आधी माहीत नव्हतं.

मैदानी काम

उपग्रहाच्या चित्रावर विहिरी शोधण्यात वेळ घालवू नका. बाव चार-पाच मीटर व्यासाची, सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन १० मीटरचा आणि वर माडा-पोफळींचं छप्पर. चालावंच लागतं.

मोबाइलवर कोबो टूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या अ‍ॅपमध्ये मराठीत छोटी प्रश्नावली करा: वाडी, सार्वजनिक की खासगी, किती घरं भरतात, पंप आहे का, पाणी मचूळ होतं का, कधी आटते. मोकळ्या आभाळाखाली फोनचं स्थान पाचेक मीटरपर्यंत बरोबर येतं. बागेत ते भरकटतं. फोन कठड्यावर ठेवून मिनिटभर थांबायचं आणि पडद्यावरचा अचूकतेचा आकडा खाली आला की मगच नोंद करायची.

पाण्याची पातळी दोरीला वजन बांधून मोजायची. इथे आमची फजिती झाली. अर्ध्या मुलांनी कठड्याच्या माथ्यापासून मोजलं, अर्ध्यांनी जमिनीपासून. कठडा तीन फुटांचा. परिणामी एक अख्खी वाडी शेजारच्या वाडीपेक्षा जवळजवळ एक मीटरने कोरडी दिसू लागली आणि मुलांनी त्याचं भूशास्त्रीय स्पष्टीकरणसुद्धा लिहून टाकलं! तेव्हापासून नियम केला: कठड्याची उंची वेगळी लिहायची आणि वजा करायची. माप सकाळी, पंप लागण्याआधी घ्यायचं. खाडीलगतच्या विहिरींसाठी एक जास्तीचा रकाना: उन्हाळ्यात उपसा वाढला की तिथे पाणी असतं, पण पिण्यासारखं नसतं. ती विहीर ‘बारमाही’ रंगात दाखवली तर तिथल्या बायका नकाशा फाडतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आटण्याचा महिना विचारताना दोन घरी विचारा. पाणी भरणाऱ्या बाईचं उत्तर आणि ओटीवर बसलेल्या पुरुषाचं उत्तर यांत आमच्याकडे तीन आठवड्यांचा फरक निघाला. आम्ही बाईचं धरलं.

विश्लेषण: काय करायचं आणि काय टाळायचं

क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. पहिलं काम निर्देशांक प्रणाली बदलण्याचं. फोनवरून आलेले बिंदू अंश-कलांत असतात. तसेच ठेवून ‘५०० चं वर्तुळ काढ’ म्हटलं तर यंत्र ५०० अंश समजतं. यूटीएम ही मीटरमध्ये मोजणारी निर्देशांक प्रणाली, कोकण तिच्या ४३ उत्तर विभागात येतं. यादीतली ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकाची प्रणाली निवडली की सगळं मीटरमध्ये येतं.

आता मोह. वीस-बावीस बिंदू हातात आले की मुलांना त्यांच्यावरून अख्ख्या गावभर रंगांचा गुळगुळीत पट्टा ओढायचा असतो. दिसतो सुंदर. इथे तो खोटा ठरतो. जांभ्यात पाणी भेगांतून आणि पोकळ्यांतून फिरतं. पन्नास पावलांवरच्या दोन विहिरींपैकी एक भरलेली आणि एक कोरडी असू शकते. दोन बिंदूंच्या मध्ये काय आहे हे आपण मोजलेलंच नसतं, तर तिथे रंग कशाचा भरायचा? नववीत टिंब, क्षेत्रघनी आणि समघनी पद्धती शिकवतात. इथे समघनीचा, म्हणजे बिंदूंवरून सलग पट्टे ओढण्याचा, नाद सोडा आणि प्रत्येक बाव आपल्या जागी एकेक चिन्ह म्हणून राहू द्या.

वाडीवार तुलना करायची तर निव्वळ विहिरींची संख्या नको. साठ घरांत दोन विहिरी आणि बारा घरांत दोन विहिरी एकाच रंगात आल्या तर नकाशा खोटं बोलला. दर विहिरीमागे घरं किती, ते काढा.

अंतराचंही तसंच. सड्यावरच्या धनगरवाडीपासून जवळची बारमाही बाव नकाशावर सरळ रेषेत ४०० मीटरच निघाली. दोन मुलं भरलेल्या कळशा घेऊन ती घाटी चढली तेव्हा जाऊन-येऊन पस्तीस मिनिटं लागली आणि वाटेत दोनदा बसावं लागलं. नकाशावर आम्ही ‘४०० मी.’ खोडून ‘३५ मिनिटं’ लिहिलं.

नकाशा काढताना

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा पायाला घ्या, पण त्यात १ किलोमीटर म्हणजे २ सेंटिमीटर. आख्खी वाडी नखाएवढी होते. आम्ही १:५,००० घेतलं. चार किलोमीटर लांबीचं गाव ८० सेंटिमीटरवर बसलं.

एकाच रंगाच्या छटा, फिक्यापासून गडद: बारमाही फिका, मार्चमध्ये आटणारी सर्वांत गडद. लाल-हिरवं टाळा, तो फरक न दिसणारी माणसं प्रत्येक सभेत असतात, शिवाय पंचायतीत त्याची झेरॉक्स निघणार आहे. झेरॉक्सवर वाचता येत नसेल तर रंग बदला. आणि सूचीत ‘वर्ग १, वर्ग २’ असलं काही नको. ‘मार्चमध्ये आटते’ असं सरळ लिहा.

खुणा लोकांच्या घ्या: सहाण (पालखी टेकवायचा चौथरा), देवराई, शाळा, साकव (वहाळावरचा छोटा पूल), एसटीचा थांबा. आमच्या गावात कुणी उत्तर-दक्षिण बोलत नाही. वर म्हणजे सडा, खाली म्हणजे समुद्र. उत्तर वर ठेवलेल्या पहिल्या नकाशासमोर लोक मान वाकडी करून उभे राहिले. दुसऱ्या प्रतीत आम्ही नकाशा फिरवला, पूर्वेचा सडा वर आणि समुद्र तळाला, उत्तरेचा बाण डावीकडे. परीक्षकांसाठी उत्तर वर असलेली वेगळी प्रत काढली. एवढा व्यवहार जमला पाहिजे.

शेवटी छपाई. कागदापेक्षा फ्लेक्स स्वस्त आणि दमटपणात टिकतो, पण दुकानदार चौकट भरावी म्हणून चित्र ताणतो. आमचं गाव एकदा असंच लठ्ठ होऊन आलं. म्हणून नुसतं अंकप्रमाण छापू नका, रेषाप्रमाण द्या. नकाशा सारखा लहान-मोठा झाला तर पट्टीही तितकीच होते. एकाच बाजूला ताणला असेल तर मात्र परत करा. ते ओळखायला कोपऱ्यात एक छोटा चौरस छापून ठेवा. तो आयत झाला की समजा.

सभेत

बोलायला दहा मिनिटं, त्यात पद्धतीवर एक. बाकी वेळ लोकांना नकाशाजवळ येऊ द्या आणि मुलांच्या हातात मार्कर द्या. खासगी विहिरींवर मालकाचं नाव नको, फक्त क्रमांक. आणि नकाशावर घ्यायच्या आधी घरमालकाला विचारलेलं असावं.

आमच्या सभेत एक आजी काठी टेकत पुढे आल्या. शाळेपासून सुरुवात करून बोट हळूहळू साकवापर्यंत नेलं, पुढे पायवाटेने वर चढवलं आणि रिकाम्या जागी थांबवलं. “हितं बाव हाय. तुमी घातलीच नाय.” बुजलेली, झाडोऱ्यात गेलेली, पण त्यांच्या लहानपणी मे महिन्यातही पाणी असलेली बाव. मुलाने तिथे मार्करने गोल काढला, शेजारी तारीख घातली आणि दुसऱ्या दिवशी चौघंजण कोयते घेऊन ती शोधायला गेले. सापडली. कठडा नव्हता, म्हणून वजा करायलाही काही नव्हतं.