जर्मनीत टीम सांभाळायची असेल तर

मॅनेजमेंटची पदवी आहे म्हणून जर्मनीत कोणी मॅनेजर करत नाही. आधी तुम्हाला काम येतं का ते बघतात, मग ते काम जर्मनमधून दुसऱ्याला समजावता येतं का ते बघतात, आणि बऱ्याच उशिरा माणसं हाती देतात. माझं इंजिनिअरिंग कराडला झालं. तीन वर्षं चाकणला नोकरी केली आणि 2015 मध्ये स्टुटगार्टजवळ मास्टर्सला आले. आज गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या 11 जणांची टीम माझ्याकडे आहे. दिवाळीत घरी गेले की ओळखीतली मुलं-मुली मार्कशीट घेऊन येतात, त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

कागदांचं आधी उरकते. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, लागतं आणि ते हातात यायला वेळ जातो, म्हणून सगळ्यात आधी तोच अर्ज करा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला 992 निघतात. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 च्या हिवाळी सत्रापासून सत्राला 1,500 युरो फी आहे. 'जर्मनीत शिक्षण फुकट' असं सांगणाऱ्या एजंटाला हे जरूर विचारा. गुणांचं रूपांतर घरी बसून करता येतं. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल गुण आणि उत्तीर्ण व्हायला लागणारे किमान गुण यांच्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. 10 पैकी 8 सीजीपीए आणि उत्तीर्ण व्हायला 4 असेल तर उत्तर येतं 2.0. इथे 1 सर्वोत्तम आणि 4 म्हणजे काठावर पास, त्यामुळे आकडा लहान असेल तितका चांगला.

कोर्स निवडताना नावावर जाऊ नका. 'टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट' हे शब्द वाचून आपण भुलतो. प्रत्येक कोर्सचं 'मोडुलहांडबुख' असतं, म्हणजे कोणत्या विषयात काय शिकवणार याची सविस्तर पुस्तिका. ती वाचा आणि दोन गोष्टी शोधा: तांत्रिक विषय किती आहेत, आणि शेवटचा प्रबंध कंपनीत बसून करता येतो का. अभियांत्रिकी किंवा माहिती तंत्रज्ञानाचा कोर्स, सोबत मॅनेजमेंटचे चार-पाच विषय आणि कंपनीतला प्रबंध, हे मला निव्वळ मॅनेजमेंटच्या कोर्सपेक्षा कितीतरी भक्कम वाटतं. माझी पहिली नोकरी प्रबंधातूनच मिळाली.

दुसऱ्या सत्रापासून वर्कस्टुडंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ, काम शोधा. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येतं, आणि मार्च 2024 पासून वर्षाची मर्यादा 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस अशी आहे. गोदामात थोडे जास्त पैसे मिळत असले तरी शक्य असेल तर आपल्या क्षेत्रातलंच काम घ्या. घरचं कर्ज डोक्यावर असताना हे अवघड जातं, मला माहीत आहे; मीही पहिले चार महिने बेकरीत उभी राहिले. पण पुढे नोकरी देताना माझ्या त्या चार महिन्यांबद्दल कोणी विचारलं नाही, टेस्टिंग विभागातल्या वर्षाबद्दल सगळ्यांनी विचारलं.

आता भाषा. कोर्स इंग्रजीत असतो, कोडवरच्या टिप्पण्या इंग्रजीत असतात, त्यामुळे पहिली दोन वर्षं जर्मनवाचून काही अडत नाही. अडतं ते नंतर. कोणाला बढती द्यायची, कोणता प्रकल्प गुंडाळायचा, कोण कोणावर नाराज आहे, हे सगळं कॉफीच्या खोलीत जर्मनमध्ये चालतं. ज्याला ते कळत नाही त्याच्या हाती माणसं कशी देणार? पुण्यात असाल तर मॅक्सम्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये निघण्यापूर्वी जर्मनच्या बी1 या मधल्या पातळीपर्यंत या, आणि पदवी मिळेपर्यंत त्यापुढची बी2 करा. इथे आल्यावर शिकू म्हणणाऱ्यांची दोन वर्षं अभ्यासात आणि स्वयंपाकात निघून जातात.

मराठी माणसाला एक गोष्ट मात्र आयती मिळते. जर्मनमधलं 'डू' आणि 'झी' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. इंग्रजीतून येणारे तिथे चाचपडतात, आपल्याला लगेच उमजतं. फक्त 'तू' म्हणायचा प्रस्ताव मोठ्याने किंवा वरच्याने मांडायचा असतो, तोपर्यंत झीवर थांबा.

आपली एक सवय मात्र महाग पडते. पहिल्या नोकरीत एका मॉड्यूलची तारीख शुक्रवार होती. सोमवारीच मला दिसत होतं की जमणार नाही, पण आपल्याकडे 'बघते, होऊन जाईल' म्हणतात तसं मी म्हणत राहिले आणि रात्री जागत राहिले. शुक्रवारी सांगितलं तेव्हा टीमप्रमुखाने आवाज चढवला नाही. "तुला कधी कळलं?" त्याने विचारलं. सोमवारी, मी म्हणाले. "मग मला सोमवारी का नाही कळलं?" ग्राहकाला तारीख बदलून मागायला त्याच्याकडे चार दिवस होते, ते माझ्यामुळे गेले. उशीर झाल्याचा त्याला राग नव्हता, लपवल्याचा होता. तेव्हापासून माझ्या टीमच्या सोमवारच्या बैठकीत पहिला प्रश्न असतो, काय जमणार नाहीये?

टीम मिळाल्यावर दुसरा धडा मिळाला तो बेट्रीब्सराटकडून. बेट्रीब्सराट म्हणजे कर्मचाऱ्यांनी मतदानाने निवडलेली समिती, आणि ती कायद्याने येते. किमान पाच कायम कर्मचारी असलेल्या ठिकाणी ती निवडता येते. कोण किती तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, बंद करतो हे नावानिशी दाखवणारा डॅशबोर्ड मला लावायचा होता. चाकणला तो भिंतीवर असायचा. सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की आधी समितीकडे जा. इथल्या कामगार-प्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 87 नुसार, कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवू शकणारी कोणतीही तांत्रिक व्यवस्था समितीच्या संमतीशिवाय लावता येत नाही. चार महिने बैठका झाल्या. शेवटी लेखी करार झाला: आकडे फक्त पूर्ण टीमचे, व्यक्तीचे नाहीत. सुरुवातीला मला हा अडथळा वाटला होता. पण करारानंतर लोक अडलेली कामं स्वतःहून बोर्डवर टाकू लागले, कारण ते आकडे आपल्याविरुद्ध वापरले जाणार नाहीत याची त्यांना खात्री होती. तंत्रज्ञान व्यवस्थापनात पुढे जायचं असेल तर हा कायदा मुलाखतीपूर्वी वाचा. परदेशी उमेदवाराने त्याबद्दल विचारलं की समोरचे पुढे सरकून बसतात.

बढतीचे इथे दोन प्रकार आहेत आणि ते कोणी आपणहून समजावत नाही. 'फाखलिश' नेतृत्व म्हणजे कामाचं: प्रकल्पाचा एक भाग, तारखा, दर्जा. 'डिसिप्लिनारिश' म्हणजे माणसांचं: रजा, पगार, वार्षिक मूल्यमापन. बहुतेकांना आधी पहिलं मिळतं, 'टाइलप्रोयेक्टलाइटर' अशा पदाने, म्हणजे उपप्रकल्पप्रमुख. ते मागून घ्या. मला ते तिसऱ्या वर्षी मिळालं आणि माणसं सहाव्या वर्षी. पदाच्या नावात मॅनेजर आहे की नाही यापेक्षा, मूल्यमापनाच्या बैठकीत टेबलाच्या कोणत्या बाजूला बसायचं आहे, हे विचारून घ्या.

फक्त वाहन उद्योगाकडे बघू नका. 2024 पासून त्या उद्योगातून नोकरकपातीच्या बातम्या सतत येत आहेत. टुटलिंगनमध्ये शस्त्रक्रियेची उपकरणं बनतात, वाल्डोर्फला सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय आहे, आणि खेड्यापाड्यांत यंत्रं बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कौटुंबिक कंपन्या आहेत. या शेवटच्या कंपन्यांत स्पर्धा कमी आणि जबाबदारी लवकर, पण तिथे इंग्रजीवर भागत नाही.

पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. नंतर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा वास्तव्य आणि नोकरीचा परवाना. त्यासाठी 2025 मध्ये वार्षिक पगाराची अट 48,300 युरो होती, आणि पदवीला तीन वर्षं झाली नसतील तर 43,759.80. ब्लू कार्डवर कायम वास्तव्याचा परवाना 27 महिन्यांनी मागता येतो, बी1 जर्मन असेल तर 21 महिन्यांनी.

नोकरी सोडताना 'आर्बाइट्सत्सॉयग्निस' मागून घ्या. हे कामाचं लेखी प्रमाणपत्र, तुमचा हक्क आहे. त्याची भाषा नीट वाचा. 'आम्ही समाधानी होतो' एवढंच लिहिलं असेल तर ते जेमतेम पासचे गुण समजा. 'नेहमीच' आणि 'संपूर्णतम समाधान' हे दोन्ही शब्द असतील तर पहिला वर्ग. माझ्या पहिल्या मसुद्यात 'नेहमीच' नव्हतं. मी ते घालून मागितलं आणि मिळालं.