लिव्हरचा पेशंट घरी आल्यावर: दही, प्रोबायोटिकची पुडी आणि लॅक्टुलोज

मी आहारतज्ज्ञ. दारूने लिव्हर खराब झालेल्या पेशंटचं डिस्चार्ज कार्ड हातात पडलं, की घरचे माझ्या टेबलाशी येतात. प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, प्रोबायोटिक (पोटाला उपकारक जिवंत जंतूंची पुडी) चालू करू का?’ करा, पण डॉक्टरांना विचारून, आणि आधी बाकीचं मार्गी लावून.

पहिलं म्हणजे दारू बंद. दारूने आतड्याचं अस्तर सैल पडतं, तिथल्या जंतूंचं विष रक्तातून थेट लिव्हरला पोचतं आणि सूज वाढते. रोज क्वार्टर चालू आणि वर पुडी, म्हणजे पैसे पाण्यात. मात्र रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. भास होतात, फिट येते. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

लॅक्टुलोज (पोट साफ करणारं गोड पातळ औषध) लिहून दिलं असेल, तर ‘पोट साफ होतंय, आता कशाला’ म्हणून बंद करू नका. आतड्यातले जंतू ते खाऊन आम्ल तयार करतात आणि अमोनिया, म्हणजे लिव्हर बिघडल्यावर रक्तात साठून मेंदूवर परिणाम करणारं विष, शौचावाटे बाहेर पडतो. दिवसाला 2-3 वेळा मऊ शौचाला व्हायला हवं. पाण्यासारखे जुलाब लागले तर डॉक्टरांना कळवा. रोज संध्याकाळी पेशंटला हात सरळ पुढे धरून पंजे वर उचलायला सांगा, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे. पंजे फडफडले, बोलणं बरळल्यासारखं वाटलं, दिवसा झोप नि रात्री जागरण सुरू झालं, तर तडक हॉस्पिटल गाठा.

आता पुडी. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये सिरॉसिसच्या (लिव्हरवर कायमचे व्रण पडून ते कडक झालेल्या) पेशंटना सहा महिने आठ प्रकारच्या जंतूंचं प्रोबायोटिक दिलं. 2014 साली निष्कर्ष छापून आले. ज्यांना ते दिलं, त्यांना अ‍ॅडमिट व्हायची वेळ कमी आली. पण म्हणून मेडिकलवाला देईल ती पुडी तशीच लागू पडेल, असं नाही. नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. गरम दुधात टाकू नका, जंतू मरतात. पेशंट स्टेरॉइडवर असेल तर आधी सांगा. अशा माणसाची प्रतिकारशक्ती कमी असते, त्याला जिवंत जंतूही बाधू शकतात.

घरचं विरजण त्या पुडीच्या जागी धरू नका, पण दही जरूर द्या, त्यात प्रोटीन आहे. पोटात पाणी असेल तर ताकात मीठ नको, जिरेपूड घाला. लोणचं-पापड बंद. झोपण्याआधी काहीतरी खायला द्याच, पोळी-दूध चालेल. या पेशंटची रात्र उपाशी जाऊ नये. आणि गुळवेलीचा काढा कोणी कितीही प्रेमाने आणून दिला तरी नको. त्याने लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलेत.

पुढच्या तपासणीला जाताना दिवसाला किती वेळा शौचाला झालं आणि सकाळी वजन किती भरलं, हे वहीत लिहून न्या. पुडीचं रिकामं पाकीटही सोबत ठेवा.