हापूस कुठला, हे प्रयोगशाळेत शोधताना

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रकल्प मिळाला तेव्हा मला वाटलं, काम मशीनचं आहे. आंबा घालायचा, आकडे काढायचे आणि हा कोकणचा, हा कर्नाटकचा असं सांगून मोकळं व्हायचं. पहिल्याच महिन्यात मी बाजारातून ‘अस्सल रत्नागिरी’ छापलेल्या दोन पेट्या आणल्या आणि त्यांनाच संदर्भ नमुने, म्हणजे ज्यांच्याशी बाकीचे आंबे ताडून बघायचे ते, धरून बसले. सरांनी एवढंच विचारलं, “या रत्नागिरीच्या आहेत हे तुला कोणी सांगितलं?”

पेटीनं! जिच्यावर संशय, तिचीच साक्ष.

त्यामुळे या क्षेत्रात येणाऱ्यांना मी आधी एसटीचं वेळापत्रक बघायला सांगते. संदर्भ नमुना झाडाखाली उभं राहूनच घ्यायचा. कुठलं कलम, माती जांभ्याची की गाळाची, खत कुठलं, पाणी विहिरीचं की नुसतं पावसाचं, सगळं वहीत लिहायचं. बागायतदार सुरुवातीला कृषी खात्याचा माणूस समजून तक्रारी सांगतात. त्या ऐकून घ्या, नोंदीत कामाला येतात. आणि हे एका हंगामात संपत नाही. फळातल्या पाण्यात ऑक्सिजन-१८ चं, म्हणजे ऑक्सिजनच्या जड अणूंचं प्रमाण त्या वर्षीच्या पावसावर नि उन्हावर हलतं, म्हणून दरवर्षी नवे नमुने लागतात.

आता रसायनाचं. मला सगळ्यात आवडतं ते स्ट्रॉन्शियम, खडकातून मातीत येणारं एक मूलद्रव्य; त्याचे ८६ आणि ८७ असे वेगवेगळ्या वजनाचे अणू असतात. रुबिडियम-८७ चा फार संथ क्षय होऊन स्ट्रॉन्शियम-८७ तयार होतं, त्यामुळे खडक जितका जुना नि रुबिडियमनं भरलेला, तितकं स्ट्रॉन्शियम-८७ चं ८६ शी गुणोत्तर जास्त. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. धारवाडकडे, जिथे हापूसच्या बागा आहेत, तिथले खडक अडीचशे कोटींहून जुने. झाड मुळांतून घेतं ते गुणोत्तर जवळजवळ तसंच फळात उतरतं. कागदावर किती सोपं!

पण जांभ्यातलं बरंचसं स्ट्रॉन्शियम पावसानं केव्हाच धुऊन नेलेलं असतं, आणि किनाऱ्यावर खारा वारा समुद्राचं, साधारण ०.७०९२ गुणोत्तराचं स्ट्रॉन्शियम आणून टाकतो. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात तर खडकही बेसाल्टचा नाही, जुनाच आहे. हापूसला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांचं. खडकाला जिल्ह्याची हद्द कुठे माहीत असते? म्हणून एका आकड्यावर भागत नाही. सोबत आयसीपी-एमएसवर (अगदी सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या मशीनवर) रुबिडियम, बेरियम, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं मोजावी लागतात. पोटॅश, फॉस्फरसवर फार विसंबू नका, ते खताच्या गोणीबरोबर बदलतं.

हात स्वच्छ ठेवायला शिकण्यात माझे दोन महिने गेले. स्टीलच्या सुरीनं फोडी केल्या की क्रोमियम आणि निकेल वाढतं, म्हणून सिरॅमिकची सुरी. काचेच्या बाटलीतून बोरॉन सुटतं, म्हणून आम्लानं धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. पावडर लावलेल्या हातमोज्यांमुळे जस्त इतकं आलं की एका संध्याकाळी मला वाटलं, शोधच लागला. कोऱ्या नमुन्यातही, म्हणजे ज्यात आंबा घातलेलाच नव्हता त्यातही, तेवढंच जस्त निघालं तेव्हा गप्प बसले.

शिक्षणाचं थोडक्यात: विश्लेषणात्मक रसायनशास्त्र किंवा फूड टेक्नॉलॉजी चालतं, पण भूशास्त्र विभागात एखादा मित्र करा. स्ट्रॉन्शियमची मोजणी बहुतेक वेळा त्यांच्याच मशीनवर होते. आकडेमोडीसाठी आर किंवा पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र पहिल्या सत्रातच शिका, मी उशिरा शिकले नि पस्तावले. नोकऱ्या अन्न तपासणीच्या आणि निर्यातीच्या प्रयोगशाळांत. तिथे रोजचं काम बहुतांश कीटकनाशकांचे अंश आणि भेसळीचं. मूळ ओळखण्याचं काम अधूनमधूनच येतं. मधात उसाची साखर शोधणं हे त्यातल्या त्यात नेहमीचं, कारण उसात कार्बन-१३ चं, म्हणजे कार्बनच्या जड अणूंचं प्रमाण फुलांच्या रसापेक्षा स्पष्ट वेगळं असतं.

अहवाल लिहायला लागलात की व्यापारी विचारतील, “मॅडम, रत्नागिरीचा आहे की नाही, एवढंच लिहा ना.” आम्ही लिहितो, “हा नमुना आमच्याकडच्या कोकणातल्या संदर्भ नमुन्यांशी विसंगत नाही.” एकानं ते वाक्य तीनदा वाचलं आणि मला विचारलं, “म्हणजे पैसे कशाचे घेतले?”